माणशी अर्धा एकर

आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याने होते. आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन, मग दहीहंडी, आणि मग दही, ज्वारीच्या लाह्या, लिंबाच्या लोणच्याच्या फोडी, ज्याच्या घरून जे आलं असेल ते एका मोठ्या घमेल्यात कालवून प्रत्येकाच्या हातावर पडतं. एकदा कालवलं की कुणाच्या घरचं दही आणि कुणाच्या घरच्या लाह्या हे देवालाही सांगता यायचं नाही. चौतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं आणि गोपाळकाल्याचा धडा आला की मुलांना हेच सांगत आले.

त्या धड्याला जोडून मी एक आठवणही सांगायचे. 1972च्या दुष्काळातली. मी सहा-सात वर्षांची होते. आई आणि अण्णा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. मजुरीबरोबर सुकडी मिळायची, पिवळसर, भरड, किंचित गोड. रेशनवर लाल मिलो. आमच्या पुरंदर तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांना पाऊस तसाही बेतानेच होतो. त्या वर्षी तोही झाला नाही. सप्ताह करावा की नाही यावर पारावर दोन दिवस बोलणी झाली आणि शेवटी झालाच. काल्याच्या दिवशी आईने वाटीभर सुकडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, देवळात देऊन ये. मला इतकी लाज वाटली की मी वाटी परकराच्या ओच्यात लपवून खांबाआड उभी राहिले. आमचे म्हातारे विणेकरी बाबा जवळ आले, त्यांनी ओचा सोडवला, वाटी घेतली आणि काही न बोलता घमेल्यात उपडी केली. त्या दिवशी सगळ्या गावाच्या हातावर सुकडी पडली. पाटलांच्याही.

ही आठवण खरी आहे. पण ती सांगताना मी एक गोष्ट वर्षानुवर्षं गाळत आले, आणि आज लिहायला बसले आहे ती त्या गाळलेल्या गोष्टीसाठी. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली माणसंही त्याच खाणीवर, माझ्या आईच्या शेजारी बसून खडी फोडत होती. त्यांनाही तीच सुकडी मिळत होती. त्यांची वाटी घमेल्यात नव्हती. ते बौद्ध झाले होते, आमच्या देवळाशी त्यांना कर्तव्य उरलं नव्हतं, असं कुणी म्हणेल. पण त्यांनी देऊळ सोडण्याआधी देवळाने त्यांना कधी आत घेतलं होतं? काला सगळ्यांचा, असं मी मुलांना सांगत होते तेव्हा त्या वस्तीतली मुलं समोरच्याच बाकांवर बसलेली असायची.

कोरडवाहू शेतकऱ्याचं आणि भूमिहीन मजुराचं पोट कसं चालावं, हा प्रश्न आपण खतांचा, कर्जाचा, बाजारभावाचा म्हणून मांडतो. तो तसा आहेच. मला मात्र तो आधी धर्माचा प्रश्न वाटतो. त्या माणसाला जे मिळायला हवं ते दान की वाटा? दया केली म्हणून मिळायचं, की मोजलं म्हणून? या एका शब्दाच्या फरकावर आमच्या घराचं आयुष्य फिरलं.

दुष्काळाच्या त्याच दिवसांत पुण्याचे एक अभियंता आणि कारखानदार, विलासराव साळुंखे, आमच्या तालुक्यात आले. माणसं खडी फोडतात, रस्ते करतात, पाऊस पडला की पुन्हा तहानलेल्या रानात जातात आणि पुढच्या दुष्काळात पुन्हा खडी फोडायला येतात, हे त्यांना सहन झालं नाही. 1974 साली त्यांनी ग्रामगौरव प्रतिष्ठान काढलं. नायगावात देवस्थानाची चाळीस एकर उजाड माळजमीन कराराने घेतली आणि कुटुंबासह तिथे राहिले. उताराला आडवे बांध घातले, खाली पाझर तलाव केला, तलावाच्या पायथ्याला विहीर, आणि विहिरीचं पाणी उचलून पुन्हा वरच्या रानाला. देवाच्या नावावर पडून राहिलेल्या माळावर हे उभं राहिलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

बांध आणि तलाव पुष्कळांनी केले. साळुंख्यांचं वेगळेपण पाण्याच्या वाटणीत होतं. त्यांच्या पाणी पंचायतीचे नियम मी शाळेत पाढे पाठ केले तसे पाठ केले होते, कारण अण्णा रोज म्हणायचे. पाणी जमिनीवर नाही, माणसावर. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, एका घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाणी जाणार नाही. ऊस लावायचा नाही. आणि खर्चाचा 20 टक्के भाग सभासदांनी आधी स्वतः उभा करायचा. 50 टक्के सरकारचं अनुदान, उरलेले 30 टक्के प्रतिष्ठानचं बिनव्याजी कर्ज. आमच्या वाट्याच्या रकमेसाठी आईची बोरमाळ सासवडच्या सराफाकडे गहाण पडली. ती सुटली, पण चार वर्षांनी.

आमच्या गावात ही योजना 1980 साली आली. मी नववीत होते. देवळाच्या सभामंडपात बैठक भरली होती आणि प्रतिष्ठानचा एक तरुण कार्यकर्ता मांडीवर वही घेऊन एकेकाला एकच प्रश्न विचारत होता, "घरात माणसं किती?" अण्णांची पाळी आली. ते म्हणाले, "चार." आजी, आई, ते आणि माझा भाऊ. तो म्हणाला, "आणि ही मुलगी?" अण्णा हसले. "पोरीचं काय धरता, आज हाय, उद्या सासरी." त्या तरुणाने वहीतून मान वर काढली नाही. "आज रात्री जेवायला किती जण बसणार?" अण्णा थांबले आणि म्हणाले, "पाच." "मग पाच लिहितो."

सातबाऱ्यावर मी कुठे नव्हते. रेशनकार्डावर होते ती कुणाची तरी मुलगी म्हणून. त्या यादीत मी अर्धा एकर होते, माझ्या भावाइतकीच. सर्वांच्या ठायी एकच देव आहे हे मी सप्ताहात दर वर्षी ऐकत होते. ते कुणी मोजून माझ्या हातावर ठेवलं, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

आमची जमीन सव्वा एकर. माणसं पाच, म्हणून पाणी अडीच एकराचं. म्हणजे आमच्याकडे जमिनीपेक्षा पाणी जास्त झालं. गावात उलटंही होतं. ज्यांच्याकडे बारा-पंधरा एकर रान होतं त्यांना पाणी अडीच एकराचंच. त्यांचं उरलेलं रान आ वासून पडलेलं. आणि ओढ्यापलीकडे अशी घरं होती जिथे गुंठाभर जमीन नव्हती, पण सहा माणसांच्या घराला अडीच एकराचं पाणी मिळालेलं होतं. पाण्याशिवाय जमीन काही देत नाही, जमिनीशिवाय पाण्याला ठाव नाही. मग ज्याच्याकडे रान तो पाणीवाल्याशी बोलू लागला. अर्धेलीने करार झाले. रान तुमचं, पाणी आमचं, बियाणं निम्मंनिम्मं.

ज्या वाड्याच्या दारात वस्तीतली माणसं सुगीच्या दिवसांत उभी राहून पसाभर धान्याची वाट बघायची, त्याच दारात तीच माणसं आता ओसरीवर बसून रानाचा सौदा करू लागली. ओसरीवर बसायला कुणी आनंदाने सांगितलं असेल असं नाही. पण पाणी उंबऱ्याबाहेर उभं ठेवून चालणार नव्हतं. देवळातल्या काल्याला जे जमलं नव्हतं ते विहिरीवरच्या यादीने केलं, आणि माझ्या मते आमच्या गावाचा खरा काला त्या दिवसापासून सुरू झाला. मी माळकरी घरातली आहे, चार वेळा पायी वारी केली आहे. हे वाक्य मी देवळाच्या विरोधात लिहीत नाही. देऊळ जे सांगत होतं ते कुठे खरं झालं, एवढंच सांगते आहे.

आता दानाबद्दल. दान वाईट असं म्हणण्याइतकी मी उद्धट नाही. आमचं घर कित्येकदा कुणाच्या तरी दिलेल्या भाकरीवर तरलं आहे. पण दान घेणाऱ्याच्या खांद्यावर एक वजन ठेवतं, आणि ते पिढ्या गेल्या तरी उतरत नाही. आजी मरेपर्यंत एका घरासमोरून जाताना पदर पुढे ओढून घ्यायची, कारण दुष्काळात त्या घराने आम्हाला दोन पायली बाजरी दिली होती.

विनोबांना हे वजन कळलं होतं. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत चाळीस भूमिहीन हरिजन कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देतो म्हणून सांगितलं. तिथून भूदान सुरू झालं. पण विनोबा गावोगाव सांगत राहिले की मी भिक्षा मागत नाही. तुमच्या घरात पाच मुलं असतील तर मला सहावा मुलगा समजा आणि माझा सहावा हिस्सा द्या. दान म्हणजे संविभाग, नीट केलेली वाटणी, हा शंकराचार्यांनी लावलेला अर्थ ते आधाराला घ्यायचे. शब्द जुनाच ठेवायचा आणि त्याच्यातली मेहेरबानी काढून टाकायची, ही त्यांची खटपट मला फार मोठी वाटते. तरीही अडचण उरलीच. देणारा काय देणार हे देणाराच ठरवत होता. म्हणून पुष्कळ ठिकाणी खडकाळ, वादातली, नापीक जमीन दानात आली, आणि कित्येक एकर कागदावरून खाली उतरलेच नाहीत. सहावा मुलगा वाट्याला आला, पण वाटणी करायला बसलेल्यांत त्याला जागा नव्हती.

विनोबांच्याही आधी, आमच्याच मातीतल्या एका माणसाने हा हिशेब दुसऱ्या टोकाकडून मांडला होता. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं खानवडी हे गाव आमच्या पुरंदर तालुक्यातलं. 1883च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी दाखवलं की जन्मापासून मरणापर्यंतच्या एकेका विधीला, सणाला, ग्रहणाला दानधर्माच्या नावाखाली शेतकऱ्याच्याच घरातून धान्य आणि पैसा कसा बाहेर जातो. म्हणजे दानाचा ओघ गरिबाकडे नव्हताच, गरिबाकडून होता. आणि त्याच पुस्तकात ते सरकारला सुचवतात की पलटणी आणि पोलीस यांच्याकडून डोंगरउतारावर ताली, बंधारे घालून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी रानात मुरेल आणि गाळ वाहून जाणार नाही. धर्माची चिकित्सा आणि बांधबंदिस्ती एकाच पुस्तकात. शाळेत असताना मला ते दोन वेगळे विषय वाटले होते. आता वाटतं, जोतीरावांच्या लेखी तो एकच विषय होता.

अण्णांनी यातलं काही वाचलं नव्हतं. ते चौथी शिकलेले. गावाने त्यांना पाटकरी नेमलं, कारण ते वेळेचे पक्के होते आणि कुणाच्या अध्यात मध्यात नसत. पाळी कुणाची, किती तास, कुठला व्हॉल्व्ह उघडायचा, कुठला बंद, सगळं त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या वहीत. तेव्हा वीज बहुतेक रात्रीची यायची. अण्णा पायात फाटका बूट, डोक्याला टॉवेल, हातात बॅटरी आणि खांद्यावर खोरं घेऊन निघायचे ते झुंजुमुंजूला परतायचे. अंगाला ओल्या मातीचा वास.

1983च्या उन्हाळ्यात एका रात्री दाराची कडी वाजली. काका होते, अण्णांचे धाकटे सख्खे भाऊ. त्यांच्या पाळीत वीज गेली होती आणि दोन तास बुडाले होते. कांदा पोसायला लागलेला, आणखी चार दिवस पाणी नाही मिळालं तर पात पिवळी पडणार. नियम असा होता की बुडालेले तास फेरीच्या शेवटी भरून मिळतील, मधेच नाही. आणि आता पाळी होती ओढ्यापलीकडच्या एका विधवा बाईची, जिने वाड्याचं दीड एकर अर्धेलीने केलं होतं.

काका म्हणाले, "दादा, तिचा घेवडा हाय. घेवडा दोन दिवस कड काढतोय. माझा कांदा जातोय रं."

अण्णा म्हणाले, "तिची पाळी हाय."

"तिला इचारून बघ की."

"रात्री दोन वाजता पाटकऱ्यानं इचारल्यावर ती न्हाई म्हणंल व्हय? त्ये इचारणं न्हाई झालं."

काका बराच वेळ उंबऱ्यात उभे होते. मी गोधडीतून बघत होते. शेवटी ते गेले आणि अण्णा खोरं घेऊन बाईच्या रानाकडे गेले. सकाळी आजीने भाकरी खाल्ली नाही. "सख्खा भाऊ तहानला ठेवलास," एवढंच म्हणाली.

तीन दिवसांनी आमची पाळी आली. आमचा भुईमूग होता. अण्णांनी चार तासांतले दोन तास आमचं दारं बंद केलं आणि पाणी काकांच्या कांद्याकडे वळवलं. कुणाला सांगितलं नाही. वहीत मात्र लिहिलं. काकांचा निम्मा कांदा वाचला, निम्मा गेला. आमच्या भुईमुगाचंही त्या वर्षी काही खरं झालं नाही. दोघे भाऊ पुढे तीन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत.

या रात्रीवर मी आयुष्यभर विचार केला आहे. दयाळू माणूस कोण होता? आजीच्या मते धर्म रक्ताच्या नात्यापासून सुरू होतो, आणि तिला मी खोटं म्हणू शकत नाही. जो भावाला पाणी देत नाही तो जगाला काय देणार? पण अण्णांनी भावाला पाणी दिलंच होतं. फक्त आमच्या वाट्यातलं दिलं. त्या बाईच्या वाट्यातलं दिलं नाही. दान आपल्या वाट्यातून करता येतं. दुसऱ्याच्या वाट्यातून केलेलं दान ही चोरीच, मग ती कितीही कनवाळूपणाने केलेली असो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, यज्ञाबद्दल सांगताना, मिळालेल्यातलं परत न देता जो खातो त्याला चोर म्हटलं आहे. मी ते अनेकदा ऐकलं होतं आणि यज्ञ म्हणजे होमहवन असंच समजत होते. चार तासांतले दोन तास भावाच्या कांद्याला, तेही वहीत लिहून, हा यज्ञ मी डोळ्यांनी पाहिला.

म्हणून आधी वाटा ठरला पाहिजे. वाटा ठरल्याशिवाय कोण दानशूर आणि कोण चोर हेच कळत नाही. आज मोठमोठ्या देणग्यांच्या बातम्या वाचते तेव्हा मला त्या देणगीची रक्कम नको असते. हे कुणाच्या पाळीतलं पाणी आहे, एवढं मला कुणीतरी सांगावं असं वाटतं.

प्रारब्धाचा प्रश्नही याच वहीत सुटला, निदान माझ्यापुरता. आजी म्हणायची, आपली गरिबी गेल्या जन्मीची. अण्णांनी तिच्याशी वाद घातला नाही. ते एवढंच म्हणायचे, "पाऊस पडंल का न्हाई त्ये देवाचं. पडल्याला पाऊस कुणाच्या रानात जाईल त्ये आपलं." देवाच्या खात्यात जे आहे ते मुकाट सोसायचं, यात मला कमीपणा वाटत नाही. पण जे आपल्या खात्यातलं आहे ते देवाच्या खात्यात ढकलून मोकळं व्हायचं, याला श्रद्धा म्हणत नाहीत. आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या ज्याला नशीब म्हटलं गेलं त्यातलं पुष्कळसं नुसती न झालेली वाटणी होती.

सगळ्यात जास्त भांडणं उसावरून झाली. तरुण पोरांचं म्हणणं, पाणी आमच्या वाट्याचं, मग आम्ही त्यात काय लावायचं हे पंचायत कोण ठरवणार? नगदी पीक, कारखान्याची पावती, रोख पैसा. आम्ही काय जन्मभर बाजरी आणि मटकीच करायची? या प्रश्नात तथ्य होतं आणि अण्णाही ते मान्य करायचे. पण ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा राहतो आणि भर उन्हाळ्यात पाणी मागतो, जेव्हा विहिरीत शेवटचे चार परस उरलेले असतात. एका पाटाला दोघांनी ऊस लावला की तिसऱ्याच्या ज्वारीचं एक पाणी चुकतं. ज्वारीला त्या एकाच पाण्याने कणीस भरतं.

यावर अण्णांनी एकदा बैठकीत जे सांगितलं ते मला अजून पुरतं. त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ बोटात धरली आणि म्हणाले, "ही घातल्यापास्नं मटण सोडलं. मला कुणी जबरदस्ती केली का? न्हाई. मग माजं कुणी काय हिसकावून घेतलं का? त्येबी न्हाई. तसंच ऊस सोडल्याली माळ गावाच्या गळ्यात हाय म्हणा." वारकरी गावाला हे समजावून सांगावं लागत नाही. माळ ही आपण आपल्याला घातलेली मर्यादा असते, आणि ती घालणारा माणूस स्वतःला बांधलेला समजत नाही. पाणी पंचायतीचा उसाबद्दलचा नियम शहरातून आलेला होता, तो गावाचा झाला त्या संध्याकाळी. ज्याला आपण टिकाऊ शेती म्हणतो ती टिकते अशाच एखाद्या सोडण्यावर. काय लावायचं हे शंभर जण सांगतात, काय सोडायचं हे सांगायला गळ्यात आधी माळ लागते.

त्या दहा-बारा वर्षांत आमच्याकडे फार श्रीमंती आली असं नाही. दोन वेळची भाकरी घरच्या ज्वारीची झाली. खरिपात वाटाणा सासवडच्या बाजारात जाऊ लागला. मुंबईला हमालीला गेलेले गावातले काही जण परत आले आणि बायका-पोरांत राहू लागले. मी डी.एड. केलं ते घेवड्याच्या पैशांवर. सांगली जिल्ह्यात, येरळा नदीवर, लोकांनी स्वतःच्या पैशांनी आणि श्रमाने बळीराजा धरण बांधलं आणि त्याचं पाणी भूमिहीनांसह सगळ्यांना वाटायचं ठरवलं, हे वाचलं तेव्हा अण्णांना आपल्या घरची सोयरीक जुळल्यासारखा आनंद झाला होता.

मग गोष्टी बिनसत गेल्या. विजेचं बिल थकलं, मोटार जळली, दुरुस्तीची वर्गणी वेळेवर येईना. ज्यांच्या पोरांना नोकऱ्या लागल्या त्यांना पाळीचं जागरण नको झालं. कुणी स्वतःच्या रानात बोअर घेतली, मग शेजाऱ्याने त्याहून खोल घेतली. जमिनीखालचं पाणी तर कुणाच्या वहीत नव्हतं. पुढे पुण्याच्या लोकांना प्लॉट हवे झाले आणि एकरांचे गुंठे झाले. तालुक्यातल्या पुष्कळ योजना अशा थंडावल्या. विलासराव 2002 साली गेले. आमची योजना त्यानंतर फार दिवस चालली नाही. अण्णा 2009 साली गेले तेव्हा वही देव्हाऱ्याखालच्या फळीवर होती. शेवटच्या पाळीच्या पुढची पानं कोरी. ही योजना फसली असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांना विचारते, माळ तुटली तर ती घातलीच कशाला, असं कुणी म्हणतं का? माळ ओवून पुन्हा घालतात. पण ओवायला बसणारं कुणीतरी लागतं, आणि तेव्हा आमच्यातलं कुणी बसलं नाही. मीही नाही. मी तेव्हा बदलीच्या गावी होते आणि सुटीत येऊन फक्त हळहळत होते.

2024चा उन्हाळा. मी निवृत्त होऊन गावात राहायला आले होते. मार्चपासून टँकर सुरू झाला होता. टँकर पिंपळाखाली थांबला की पहिल्या पाच मिनिटांत जे व्हायचं ते बघवत नसे. दांडगी माणसं, लांब पाइप, मोठे पिंप. एका बाईचा हंडा चेपला, एकीच्या पायावर पडला. तिसऱ्या दिवशी मी देव्हाऱ्याखालून वही काढली, उलट्या बाजूने कोरी पानं उघडली आणि टँकर यायच्या आधी तासभर पिंपळाखाली जाऊन बसले. माझी भावजय सोबत आली. आम्ही घरोघरची नावं लिहायला सुरुवात केली.

नव्या बंगल्यातल्या गृहस्थांनी सात माणसं सांगितली. भावजयीने मान वर न करता विचारलं, "आज जेवायला किती जण बसणार, भाऊ?" ते जरा थांबले. तीन मुलं-सुना पुण्याला असतात. "चार," ते म्हणाले. आम्ही चार लिहिले. ओढ्यापलीकडची घरं लिहिली. विणेकरी बाबांच्या नातवाचं घर लिहिलं. काकांच्या सुनेचं लिहिलं.

वही मिटताना पिंपळाच्या पलीकडे एक बाई उभी दिसली. वीटभट्टीवर कामाला आलेलं कुटुंब, मराठवाड्याकडचं. त्यांचं रेशनकार्ड इथे नाही, मतदान इथे नाही, घर म्हणजे पत्र्याचा आडोसा. ती रांगेत नव्हती, कारण या गावच्या रांगेत आपण धरले जातो की नाही हे तिला माहीत नव्हतं. हातातला प्लास्टिकचा हंडा तिने पदराआड धरला होता.

मी तिला हाक मारली. नाव विचारलं, लिहिलं. मग विचारलं, "घरात माणसं किती?"

"दोन मोठी, तीन लेकरं," ती म्हणाली. आणि जरा थांबून, पोटावर हात ठेवून, हळूच, "हे धरायचं का नाही?"

मी सहा लिहिले.